एका हॉटस्पॉटवर अख्खा वर्ग चालेना, तेव्हा

ओहमचा नियम (व्होल्टेज, रोध आणि विद्युतधारा यांचं नातं) शिकवताना मुलांना फोनवर ‘फेट’चं सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचा प्रयोग, उघडायला सांगितलं. (भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेला हा उपक्रम मोफत आहे, बरीचशी सिम्युलेशन्स मराठीतही आहेत.) नेट माझ्याच फोनच्या हॉटस्पॉटवरून. पहिल्या काही जणांचं उघडलं, बाकीच्यांच्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. अर्धा तास त्यातच गेला, फार वाईट वाटलं.

दोष मुलांच्या फोनचा नव्हता. फोनचा हॉटस्पॉट एका वेळी मोजकीच उपकरणं जोडून घेतो, आणि मी अख्खा वर्ग त्यावर टाकला होता.

मग घरीच सिम्युलेशनची एचटीएमएल फाईल डाउनलोड केली. ती एकदा फोनमध्ये आली की नेट लागत नाही. वर्गात ब्लूटूथने पाठवली, चौघांत एक फोन ठेवला आणि सगळे फोन एअरप्लेन मोडवर टाकायला लावले. मेसेजची टुणटुणही थांबली.

खरा फरक मात्र एका छोट्या अटीने पडला: आधी वहीत अंदाज लिहायचा, मगच स्लायडरला हात लावायचा. ४.५ व्होल्ट, ५०० ओहम, धारा ९ मिलिअँपिअर. व्होल्टेज ९ केलं तर? एका गटाने ‘९च राहील’ असं लिहिलं होतं. स्लायडर सरकवला तसं सूत्रातलं धारेचं ‘आय’ हे अक्षर फुगत गेलं, आकडा १८ झाला. त्यातली एक मुलगी लगेच म्हणाली, “सर, आता रोध दुप्पट करून बघू?”