पंखावरची शॉक वेव्ह बघायचीय? मग या चुका टाळा

पावसाळ्यात विमान मुंबईला उतरत असताना पंखावर अचानक पांढरी वाफ दाटते आणि तो व्हिडिओ ‘शॉक वेव्ह’ म्हणून फिरायला लागतो. ती शॉक वेव्ह नव्हेच; शॉक वेव्ह तयार होते ती ध्वनीहून जोरात पळणाऱ्या हवेला एकदम ब्रेक लागला की. पंखावरचा दाब उतरला की दमट हवा गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब दिसू लागतात, इतकंच. उतरताना विमान ध्वनीच्या वेगाच्या आसपासही नसतं. खरी शॉक वेव्ह बघायची तर विमान पूर्ण उंचीवर जाऊन सरळ चालू लागेपर्यंत थांबा.

साधारण ११ किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५५ अंशांच्या आसपास थंडी असते. अशा हवेत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १०६० किलोमीटरपर्यंत खाली येतो. एअरबस ए३२० त्याच्या ७८ टक्के वेगानं जातं, म्हणजे ताशी साधारण ८३० किलोमीटर. पण पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणारी हवा याहून जोरात पळते आणि थोड्या पट्ट्यात ध्वनीलाही मागे टाकते. पुढे तिला एकदम ब्रेक लागतो. तो लागतो तिथे पंखावर एक अदृश्य पडदा उभा राहतो, कागदाहूनही पातळ. तीच शॉक वेव्ह. तेव्हा ‘आमच्या विमानानं ध्वनीचा वेग ओलांडला’ असं स्टेटस ठेवू नका. ओलांडला तो पंखावरच्या हवेनं. समोरच्या स्क्रीनवर ताशी ११०० किलोमीटर दिसले तरीही नाही, कारण तो जमिनीच्या हिशेबातला वेग असतो आणि त्यात मागून ढकलणारा वारा धरलेला असतो.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते उन्हाच्या बाबतीत. पडद्याच्या मागची हवा दाट, पुढची विरळ, त्यामुळे त्यातून जाणारा प्रकाश किंचित वळतो आणि पंखावर सावली पडते. आपल्याला दिसते ती ही सावली. त्यासाठी ऊन पडद्याला समांतर यायला हवं: सूर्य डोक्यावर हवा, नाहीतर पंखाच्या टोकाच्या दिशेला. पंख मागे झुकलेले असतात, म्हणून टोकाकडून थोडं मागून आलेलं ऊन उत्तम. सूर्य नाकासमोर किंवा शेपटीमागे खाली असेल तर विंडो सीटचे जादा पैसे देऊनही हाती काही लागत नाही. मे महिन्यात भर दुपारचं मुंबई-दिल्ली विमान मात्र चांगली संधी. सीट पंखाच्या वरची किंवा एक-दोन रांगा मागची घ्या.

रेष दिसली की लगेच नाचू नका. शॉक वेव्हची सावली पंखाच्या लांबीबरोबर धावते. आधी गडद पट्टी, तिला चिकटून मागे उजळ पट्टी. आणि ती थरथरते, थोडी पुढे-मागे सरकते. रेष जागची हलत नसेल तर तो पत्र्याचा जोड. डोकं हलवल्यावर पंखावरून सरकत गेली तर खिडकीवरचा ओरखडा. अधूनमधून कुणीतरी घाबरून ‘पंखाला तडा गेलाय’ म्हणतं. तडा असा लवलवत नाही. विमान वळलं की रेष गायब होऊ शकते, पण तेव्हा फक्त उन्हाचा कोन बदललेला असतो.

पोलराइज्ड गॉगल काढून ठेवा, त्यातून खिडकीवर इंद्रधनुषी डाग दिसतात आणि लोक त्यांचेच फोटो काढत बसतात. मोबाइलचा फोकसही हमखास काचेवर जातो. पंखावर बोट ठेवून फोकस लॉक करा, उजेड थोडा कमी करा आणि व्हिडिओच घ्या. स्थिर फोटोत ही रेष रंगाच्या फराट्यासारखी दिसते, कुणाला पटत नाही.

एवढं करूनही काही दिसलं नाही तर विमान बिघडलंय असं नाही. अमेरिकेत नासाच्या रिचर्ड व्हिटकम्ब यांनी १९६०च्या दशकात वरून सपाटसर पंखाचा आकार काढला, तोच मुळी ही शॉक वेव्ह सौम्य करण्यासाठी, कारण तिच्यामुळे हवेचा अडथळा वाढतो आणि इंधन जास्त जळतं.