मृगाआधीची तयारी : म्हादईच्या खोऱ्यातली माती शिवारातच राहावी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात पडणारा पाऊस दोन समुद्रांकडे जातो. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळून कृष्णेला मिळते आणि तिचा बराचसा गाळ सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात थांबतो. देगावच्या परिसरात उगम पावणारी म्हादई मात्र सह्याद्री उतरून गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. या खोऱ्यात शेतीपेक्षा जंगल अधिक आहे हे खरे, तरीही भाताच्या वाफ्यांतून आणि काजूच्या उतारावरून गेलेली माती, खत व औषध समुद्रात विरून जाते असे कोणी समजू नये.

गोड्या पाण्यात चिकणमातीचे अतिबारीक कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ते लवकर तळाशी बसत नाहीत. खाडीत खारे पाणी मिसळताच क्षारांमुळे हा विरोध मावळतो, कणांच्या गुठळ्या होतात आणि गाळ बसू लागतो; शिवाय जड खारे पाणी भरतीबरोबर तळाने आत येते आणि बाहेर निघालेला गाळही मागे आणते. स्फुरद (फॉस्फरस), तांबे-जस्तासारखे धातू आणि काही कीटकनाशके याच कणांना धरून असतात, त्यामुळे ती खारफुटीच्या चिखलात साचतात आणि तिथल्या तिसऱ्या शिंपल्यांच्या शरीरातही जाऊ शकतात. तळाचा प्राणवायू घटला तर अडकलेले स्फुरद पुन्हा पाण्यात सुटते.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरते, म्हणून पावसाचे मोठे झोड अधिक जोरदार होत आहेत, आणि वर्षभरातली बरीचशी धूप अशा मोजक्याच झोडांत होते. समुद्राची पातळी वाढत असल्याने उन्हाळ्यात खारेपणाही खाडीत अधिक आत सरकू लागतो.

आपल्या हातात आहे ते मातीचे रक्षण. रोहिणीत धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीत) पेरणी करणाऱ्यांनी पेर उताराला आडवी ठेवावी आणि फुटके बांध पेरणीपूर्वीच बांधून घ्यावेत. लावणी करणाऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे: चिखलणीनंतरचे गढूळ पाणी लगेच ओहोळात सोडू नये, कारण शेतातली सर्वांत बारीक आणि सुपीक माती त्याच पाण्यात तरंगत असते. निदान एक-दोन दिवस ते वाफ्यातच निवळू द्यावे. डीएपी हे स्फुरदाचे खत साचलेल्या पाण्यावर न फेकता शेवटच्या चिखलणीत मातीत मिसळावे. युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्यावा, जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर तो हप्ता पुढे ढकलावा, आणि दिल्यानंतर काही दिवस वाफ्याची तोंडे बंद ठेवावीत. युरियातले नत्र (नायट्रोजन) पाण्यात विरघळूनच निघून जाते, त्याला बांधाशिवाय दुसरी आडकाठी नाही.

काजूच्या उतारावर पालापाचोळा जाळू नये, झाडाच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घालावा. सांडव्याला दगडांची पिचिंग करावी, त्याच्या दोन्ही कडांना वाळा गवत लावावे, आणि ओहोळाच्या काठची पट्टी नांगरू नये. फवारणीनंतर पंप ओहोळात धुऊ नये. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतावे.