मेडिकल कॉलेजात छळ होतोय? आधी वही, मग अर्ज, मग पोच

‘तुला एमबीबीएस दिलं कुणी?’ हे राउंडला पेशंटदेखत ऐकलेला जेआर वन, म्हणजे पदव्युत्तर पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, सहसा तक्रार करत नाही. तीन वर्षं त्याच युनिटात काढायची असतात, थिसिसवर सही त्याच गाइडची लागते. फार तर तो मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, प्रतिनिधीच्या कानावर घालतो आणि गोष्ट तिथेच जिरते.

म्हणून सुरुवात वहीपासून करा. घडलं त्याच रात्री तारीख, वेळ, जागा, बोललेले शब्द आणि तिथे कोण होतं ते लिहा. ‘खूप अपमान केला’ एवढ्याने भागत नाही. ‘फाइल तोंडावर फेकली, दोन सिस्टर समोर होत्या’ असं लिहा. ग्रुपवरच्या मेसेजचे तारखेसकट स्क्रीनशॉट घेऊन स्वतःच्या मेलवर ठेवा. केसपेपरचे फोटो मात्र काढू नका. पेशंटचं नाव बाहेर गेलं तर चौकशी तुमचीच व्हायची.

आठवड्याने वही वाचा. डोस चुकला म्हणून चार शब्द ऐकावे लागले, तर तो छळ नव्हे. जातीवरून टोमणे, शिक्षा म्हणून सलग ड्यूट्या, जेवायला न सोडणं, ‘पास कशी होतेस बघतो’ ही धमकी, हा छळच. ‘रेसिडेन्सी अशीच असते’ म्हणणाऱ्यांसाठी: एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) 2023 च्या पदव्युत्तर नियमांत विश्रांतीला वाजवी वेळ आणि वर्षाला किमान 20 दिवसांची पगारी रजा आहे.

आता अर्ज कुठे द्यायचा? सीनिअर छळत असतील तर डीनकडे, महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंगविरोधी कायद्याचा उल्लेख करून. लेखी तक्रार मिळाल्यापासून 7 दिवसांत संस्थाप्रमुखाला चौकशी करावी लागते. तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याचं निलंबन आणि तक्रार पोलिसांकडे. आईवडीलही असा अर्ज देऊ शकतात. कॉलेजात कुणाशी बोलायची सोय नसेल तर रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522 चोवीस तास चालू असते. महिला डॉक्टरचा लैंगिक छळ असेल तर अंतर्गत समितीकडे 3 महिन्यांच्या आत जा. सबळ कारण असेल तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते. जातिवाचक अपमान झाला असेल आणि तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल, तर थेट पोलीस ठाणं गाठता येतं. छळणारा प्राध्यापकच असेल तर वाट सर्वांत अवघड. डीनला अर्ज द्या, प्रत विद्यापीठाला पाठवा आणि शक्य तर युनिटातले दोघे-तिघे मिळून सही करा.

अर्ज एका पानाचा, घटना क्रमाने, विशेषणं गाळून. दोन प्रती न्या, आवक-जावक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. 2019 मध्ये मुंबईत निवासी डॉक्टर पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर तक्रार आधी आली होती की नाही, यावरच वाद झाला. क्लार्क घेत नसेल तर त्याच दिवशी डीनच्या अधिकृत मेलवर पाठवा आणि स्पीड पोस्टही करा.

नंतर बहुतेकदा केबिनमध्ये बोलावणं येतं, चहा येतो, ‘करिअरचा विचार कर’ येतं. एकट्याने जाऊ नका, तिथल्या तिथे कशावरही सही करू नका. झोप उडाली असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, तो मोफत आहे. आणि वही चालू ठेवा: अर्जानंतर ड्यूटी बदलली, ऑपरेशन थिएटरच्या यादीतून नाव काढलं, तर तेही तारखेनिशी तिच्यात उतरवा.