पियानो प्लगइन निवडताना या चुका टाळा

अहिराणी गाण्यासाठी पियानो प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आत चालणारा पियानो, शोधताना बहुतेक जण हेडफोन लावतात, पियानोचा ट्रॅक सोलो करतात आणि जो सगळ्यांत भरदार लागेल तो उचलतात. फसगत इथेच होते. एकटा वाजताना जाणवणारा तो भरदारपणा बराचसा २५० हर्ट्झच्या खालचा असतो, आणि ती जागा ढोल, संबळ आणि बेसने आधीच अडवलेली असते. लॅब्स या प्लगइनमधला सॉफ्ट पियानो अंगाईला शोभतो. हळदीच्या किंवा वरातीच्या गाण्यात तो ऐकूच येत नाही. तिथे थोडा कडक, टणक आवाजाचा पियानोच हवा.

म्हणून ताल आणि गायकाचा कच्चा ट्रॅक चालू ठेवून एकच मिडी क्लिप (कोणती पट्टी कधी, किती जोरात दाबली याची नोंद) तीन-चार पियानोंवर फिरवा. त्याआधी सगळ्यांची पातळी सारखी करा, कारण २ डेसिबल मोठा वाजणारा पियानो कानाला उगाचच सरस वाटतो. मग मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, मोनो (डावा-उजवा आवाज एक) करून ऐका. वरातीतला डीजे स्टेरिओची फिकीर करेलच असं नाही. मोनोत पियानो पोकळ झाला, तर तो पियानो ज्या वेगवेगळ्या माइकनी रेकॉर्ड केलाय त्यांचे आवाज एकमेकांना खातायत असं समजा: प्लगइनमध्ये रूम माइक (खोलीचा आवाज पकडणारा) बंद करा, माइकची एकच जोडी ठेवा.

‘पियानो खोटा वाटतो’ ही तक्रार तर नेहमीची, पण दोष बऱ्याचदा कीबोर्डचा निघतो. हलक्या स्प्रिंगच्या पट्ट्या असल्या की व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्याचा आकडा, १०० ते १२७ मध्येच गोळा होते. सॅलॅमँडर ग्रँड पियानो फुकट मिळतो, त्यात व्हेलॉसिटीचे १६ थर (हळू ते जोरात अशी वेगवेगळी रेकॉर्डिंग) आहेत. अशा कीबोर्डवर त्यातले वरचे तीन-चारच वाजतात. नवं प्लगइन घेण्याआधी एक मिनिट हळू ते जोरात वाजवून रेकॉर्ड करा आणि पियानो रोल (सॉफ्टवेअरमध्ये मिडीचे स्वर दिसतात ती खिडकी) बघा. ५० च्या खाली काहीच दिसत नसेल, तर आधी व्हेलॉसिटी कर्व्ह (दाबाला किती आकडा द्यायचा ती सेटिंग) बदला.

जीबी जास्त म्हणून दर्जा जास्त, हाही भ्रमच. कीस्केप हे प्लगइन सुमारे ७७ जीबीचं आहे. पियानोटेक हे दुसरं प्लगइन सॅम्पल (रेकॉर्ड केलेले स्वर) न वापरता गणिताने आवाज घडवतं, म्हणून काही एमबींत भागतं. ८ जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क असेल तर मोठी लायब्ररी पेडल दाबताच कटकट करणार. ती एसएसडीवर ठेवा, कॉन्टॅक्ट या सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पर्ज वापरून न लागणारे सॅम्पल काढून टाका.

पियानोटेकचा भार मात्र प्रोसेसरवर पडतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात लॅपटॉप तापून स्वतःचा वेग उतरवतो. रात्री सुरळीत चाललेला प्रोजेक्ट दुपारी तडतडतो तो यामुळेच. वाजवून झालं की ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तो ऑडिओत बदलून प्रोसेसरचा भार उतरतो. बफर, म्हणजे संगणक आवाज बाहेर सोडण्याआधी साठवतो तो तुकडा, वाजवताना १२८ ठेवा, मिक्स करताना १०२४. ४४.१ किलोहर्ट्झवर ५१२ चा बफर एकट्यानेच ११.६ मिलिसेकंद उशीर करतो, बोटांना तो कळतो.

लायब्ररी फुकटच्या कॉन्टॅक्ट प्लेअरवर चालते का, हे घेण्याआधीच तपासा. पूर्ण कॉन्टॅक्ट लागणारी लायब्ररी त्यात १५ मिनिटांनी बंद पडते.

पेडल उलटं चालत असेल, तर कीबोर्ड बंद करा, पेडल जोडा आणि त्यावर पाय न ठेवता पुन्हा चालू करा.

गाण्यात खरी पेटी असेल तर ती आधी ट्यूनरवर मोजा. पेटीचा ए (A) स्वर ४४२ हर्ट्झला आणि पियानोचा ४४० ला राहिला, तर जवळपास ८ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक पडतो आणि लांब स्वरांवर थरथर येते. पेटी बदलता येत नाही. प्लगइनचं ट्यूनिंगच ४४२ करा.