आवाज येत नाही? आधी एफ ६ दाबा

लिनक्स टाकलं आणि माझा लॅपटॉप चार दिवस मुका झाला. व्हिडिओ लावला की सेटिंगमधली पट्टी नाचायची, व्हॉल्यूम शंभर टक्के, स्पीकर मात्र गप्प. तेव्हा किती हतबल वाटलं होतं ते अजून आठवतं, म्हणून लिहितोय.

टर्मिनलमध्ये 'एप्ले -एल' (aplay -l, छोटा l) चालवा. साउंड कार्ड दिसलं तर घाबरू नका, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ते सापडलंय. 'नो साउंडकार्ड्स फाउंड' आलं तर गोष्ट वेगळी; नव्या इंटेल लॅपटॉपवर बऱ्याचदा एसओएफ (साउंड ओपन फर्मवेअर) फर्मवेअरचं पॅकेज टाकायचं राहिलेलं असतं.

आता मी जिथे अडकलो ते. टर्मिनलमध्ये आल्सामिक्सर (alsamixer, आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम) उघडलं की वर डाव्या कोपऱ्यात 'कार्ड'पुढे काय लिहिलंय ते वाचा. मी वाचलंच नाही. तिथे पाइपवायर किंवा पल्सऑडिओ लिहिलं असेल तर तुम्ही खऱ्या कार्डापर्यंत पोचलेलाच नाही. ते अॅप आणि कार्ड यांच्या मधलं सॉफ्टवेअर. त्याची एकच मास्टर पट्टी दिसते, तीही भरलेली, आणि आपल्याला वाटतं इथे सगळं ठीक आहे. एफ ६ दाबा. यादीतून खरं कार्ड निवडा. माझं 'एचडीए इंटेल पीसीएच' होतं. मग मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम अशा पट्ट्या ओळीने येतात. पट्टीच्या पायाशी छोटा चौकोन असतो. माझ्या स्पीकरच्या चौकोनात 'एमएम' होतं, म्हणजे म्यूट. बाणाने तिथे गेलो, एम दाबलं, दोन शून्यं आली, पट्टी वर चढवली आणि आवाज आला. चार दिवस या एका बटणापायी गेले.

तरीही गप्पच? पॅव्हूकंट्रोल (pavucontrol) या आवाजाच्या सेटिंगच्या अॅपच्या 'कॉन्फिगरेशन'मध्ये प्रोफाइल एचडीएमआयवर (म्हणजे बाहेरच्या स्क्रीनवर) अडकलंय का बघा, 'अॅनालॉग स्टीरिओ' करा. हेडफोन काढल्यावरही स्पीकर बंद राहत असेल तर आल्सामिक्सरमध्ये उजवीकडचं 'ऑटो-म्यूट मोड' डिसेबल करा.

आणि कृपा करून जुन्या कमांड डोळे झाकून पेस्ट करू नका. फेडोरा ३४ (२०२१) आणि उबुंटू २२.१० (२०२२) पासून तिथे पाइपवायर आलंय, पल्सऑडिओचे जुने उपाय लागू पडतीलच असं नाही. मी एका सल्ल्यावरून पल्सऑडिओ काढून टाकलं, तर सोबत डेस्कटॉपची पॅकेजंही गेली. 'डिस्ट्रो (फेडोरा, उबुंटूसारखा लिनक्सचा प्रकार) बदल' म्हणणाऱ्यापेक्षा 'एप्ले -एलमध्ये काय दिसतं?' विचारणाऱ्याचं ऐका. तोच खरा मदत करतोय.

रीबूट केल्यावर पुन्हा म्यूट झालं तर सगळं नीट लावून 'सुडो आल्सासीटीएल स्टोअर' (sudo alsactl store) एकदा चालवा.