बर्फ बघायला निघालात? या चुका टाळा

नागपूरकरांची पहिली चूक बॅग भरताना होत नाही, तारीख ठरवताना होते. नाताळची सुट्टी दिसली की मनालीचं बुकिंग होतं आणि पोचल्यावर माल रोड कोरडा ठणठणीत! मनाली सुमारे २,०५० मीटरवर. गावात बर्फ पडण्याची खरी आशा जानेवारी-फेब्रुवारीत, तीही पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी, पाऊस-बर्फ आणणारी हवा) आला तर. डिसेंबरच सोयीचा असेल तर खुशाल जा, पण मुलांना आधीच शब्द देऊन बसू नका. गाव कोरडं निघालं तर अटल बोगद्यातून पलीकडचं सिस्सू गाव गाठा. बोगदाच ३,१०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे तिकडे बर्फ भेटण्याची शक्यता जास्त. ताजा बर्फ पडला की मात्र तोच रस्ता बंद होतो, किंवा फक्त फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणाऱ्या) गाड्या सोडतात. आणि हिवाळी पॅकेजमध्ये कुणी रोहतांग विकत असेल तर दुसरा एजंट बघा. ती खिंड तेव्हा बंद असते.

माझ्या मते सगळ्यात महाग पडते ती परतीची घाई. सोमवारी ऑफिस म्हणून रविवारी रात्री नागपूर, असा हिशेब डोंगरात चालत नाही. वर रस्ता अडतो; तो सुटला तर खाली दिल्लीत धुकं. डिसेंबर-जानेवारीत तिथली विमानं आणि गाड्या तासन्‌तास रखडतात. परतीला एक दिवस मोकळा ठेवा, शक्यतो दिल्लीतच. दिल्लीपर्यंतचा आणि तिथून पुढचा, असे दोन्ही टप्पे रेल्वेचे असतील तर दोन्ही तिकिटांचे पीएनआर जोडून घ्या. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर उरलेल्या प्रवासाचे पैसे नियमानुसार परत मागता येतात. बस किंवा विमानामुळे गाडी हुकली तर ही सोय नाही. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, हेही ध्यानात असू द्या.

कपड्यांचं थोडक्यात: आपल्याकडच्या थंडीला पुरणारा जाड स्वेटर बर्फात एकटा पुरत नाही. आत थर्मल, मधे लोकर, वरून वारा-पाणी अडवणारं जॅकेट. जीन्स नकोच, ओली झाली की वाळत नाही. बर्फाचे सूट आणि गमबूट तिथे भाड्याने मिळतात, विकत कशाला घ्यायचे?

गुलमर्गला जाणाऱ्यांनी उंची हलक्यात घेऊ नये. नागपूर ३१० मीटरवर, गुलमर्ग २,६५० वर, आणि तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा ३,९०० च्याही वर. श्रीनगरला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी आजी-आजोबांना थेट वर नेऊ नका. डोकं दुखलं, मळमळलं तर फोटो राहू द्या, लगेच खाली या. गोंडोलाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड हवं, नाहीतर विमानतळावर ड्रायव्हरला शोधण्यातच तास जातो.