मांसाहार सोडायचाय, पण पथ्यंही आहेत? मग ताट असं बदला

आपल्या सोलापूर जिल्ह्यात मांसाहार सुटण्याच्या दोन वाटा ठरलेल्या आहेत. एक पंढरीची. वारी करून आले, तुळशीची माळ घातली, त्या दिवसापासून मटण-अंडी बंद. दुसरी दवाखान्याची. युरिक ॲसिड वाढलं, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनीन वर गेलं, डॉक्टर म्हणाले, "मटण जरा कमी करा." पन्नाशीनंतर बऱ्याच जणांच्या वाट्याला या दोन्ही वाटा एकदमच येतात. माळ घालायची इच्छा असते आणि खिशात शुगर, बीपी, थायरॉइडच्या गोळ्याही असतात.

सोडणं तितकं अवघड नाही. आखाडात भरपूर खाऊन घेतात आणि श्रावण लागला की अर्धं गाव महिनाभर सोडतंच. खरी गोची पुढे होते. रविवारच्या ताटातली मटणाची जागा रिकामी होते आणि तिथे न विचारता भाकरी, भात, बटाटा, साबुदाणा येऊन बसतात. १०० ग्रॅम कच्च्या मटणात १८-२० ग्रॅम प्रथिनं असतात आणि पिष्टमय पदार्थ जवळपास शून्य. त्याच्या जागी एक जादा भाकरी घेतली, तर ६० ग्रॅम पिठातून सुमारे ४० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जातात आणि प्रथिनं जेमतेम सहा. म्हणून "व्हेज झालो तरी शुगर वाढली" असं म्हणणारे भेटतात. त्यात नवल काही नाही.

आधी रिपोर्ट, मग संकल्प

एकादशीचा मुहूर्त धरा हवा तर, पण त्याआधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी-१२, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनीन, युरिक ॲसिड आणि किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियम-फॉस्फरससुद्धा. आजचे आकडे हातात नसतील, तर तीन महिन्यांनी काय सुधारलं नि काय बिघडलं हे कळायला मार्ग राहत नाही.

सोबत गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि नेमकं विचारा: "मी मांसाहार बंद करतोय, यातल्या कुठल्या गोळीचा डोस बदलावा लागेल का?" इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण बदलताना हे विचारलंच पाहिजे. जेवण हलकं झालं आणि डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली येते. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारोल चालू असेल, तर मेथी-पालक अचानक दुप्पट करू नका. पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. पालेभाजी बंद करायची गरज नसते, पण रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) वेळेवर करा.

पथ्यांचा एक कागद करा

वहीचं एक पान घ्या. डावीकडे आजार, उजवीकडे जे वर्ज्य किंवा मोजून खायचं ते. हा कागद फ्रिजवर चिकटवा, कारण स्वयंपाक करणाऱ्या बाईला (आपल्याकडे अजून बहुतेक बाईच) प्रत्येक वेळी "हे चालतं का?" विचारायला लागू नये. एका आजाराला चांगला पदार्थ दुसऱ्याला वाईट असतो आणि ते या कागदावरच पहिल्यांदा दिसतं. उदाहरणार्थ, शुगरवाल्याला वाटीभर मोड आलेली मटकी उत्तम, पण पोटॅशियम वाढलेल्या किडनीच्या रुग्णाला तीच मोजून.

मटणाच्या जागी काय, ते आधी ठरवा

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा थांबू.

धडधाकट प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज पुरतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. शाकाहारात ती भरतात का? भरतात, पण आपोआप नाही. तीन मध्यम भाकरींतून १८, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळीतून १४, पेलाभर दूध आणि वाटीभर दह्यातून ११, मूठभर शेंगदाण्यांतून ५ आणि भाजीतून दोन-तीन. झाले पन्नास. यातली एक वाटी उसळ आणि दही गाळा, मग बघा हिशेब कसा घसरतो. आमटी पातळ असेल तर वाटी भरलेली दिसते आणि डाळ असते चमचाभर.

आपल्याकडचा खरा खजिना हुलगा, म्हणजे कुळीथ, आहे. शंभर ग्रॅम हुलग्यात २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि आजीच्या काळात माडगं आणि शेंगोळे घरोघर होत. शेंगोळ्यांसाठी हुलग्याच्या पिठात मूठभर ज्वारीचं पीठ घाला. लसूण, हिरवी मिरची, जिऱ्याचं वाटण घालून घट्ट मळा, तेलाच्या हाताने पोळपाटावर लांबट वळा आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात एकेक सोडा. सगळे एकदम टाकलेत तर गोळा होतो. बोटाने दाबून सहज तुटला की शिजला. रस्सा आपोआप दाट होतो, वेगळं वाटण लागत नाही. मटण सोडलेल्या माणसाला हे ताट पुरेसं वजनदार वाटतं, आणि ही गोष्ट लहान नाही.

कारण जीभ मटणापेक्षा मसाल्याला जास्त सरावलेली असते. कांदा-सुकं खोबरं काळपट भाजून, काळा मसाला घालून केलेलं कालवण वांग्याचंही तेवढंच झणझणीत होतं. पाटवड्यांचं, मसुराचं, भिजवून पिळून घेतलेल्या सोयाबीन वड्यांचंही. सोया वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नासच्या वर प्रथिनं असतात, म्हणून सुरुवातीला त्यांचाच मारा होतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र सांभाळावं. सोया गोळीच्या शोषणात अडथळा आणतं. गोळी पहाटे रिकाम्या पोटी घ्या, सोया दुपारच्या जेवणात ठेवा आणि रोज खाणार असाल तर डॉक्टरांना सांगा म्हणजे ते टीएसएच पुन्हा बघतील.

शुगरवाल्यांसाठी ताट वाढण्याचा क्रम बदला. आधी वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, सोबत भाजी आणि काकडी, मग भाकरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) आहे, चव अफलातून आहे, शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास तंतूही आहेत. तरी भाकरी भाकरीच. "ज्वारीने शुगर वाढत नाही" हे कितीही जणांनी सांगितलं तरी चार भाकरी चार भाकरीच राहतात. हुरड्याचंही तेच. कोवळा म्हणून तो हलका होत नाही, आणि सोबत गूळ असतो हे शेतात बसल्यावर कुणाच्या लक्षात राहत नाही.

शेंगा चालत नसतील तर

सोलापुरात शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याचं जगणं कठीण आहे. चटणीत शेंगा, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, पोळीतसुद्धा शेंगा. घरी कारळाची किंवा जवसाची चटणी करा. तीळ चालतात का ते आधी डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, कारण काहींना त्याचीही ॲलर्जी असते. लग्नकार्यात "कूट घातलंय का?" एवढं विचारून भागत नाही, वाढप्याला माहीत नसतं. थेट आचाऱ्याला गाठा.

गव्हाचं पथ्य, म्हणजे सीलिॲक आजार असेल, तर आपण नशीबवान. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं चालतं. पण दोन चोरवाटा आहेत. एक गिरणी: आधीच्या गिऱ्हाईकाचा गहू जात्यात उरलेला असतो आणि तो तुमच्या ज्वारीत उतरतो. घरगुती गिरणी असेल तर उत्तम. दुसरी हिंग: बाजारच्या डबीतल्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, लेबल वाचा. येसर वापरत असाल तर तोही विसरू नका, त्यात बहुतेक घरी गहू भाजून घालतात.

किडनीचं पथ्य असेल तर घाई नको

इथे स्वतःच्या मनाने काही करू नका, आहारतज्ज्ञाकडून तक्ता लिहून घ्या. प्रथिनांचं गणितच वेगळं असतं. डायलिसिस सुरू नसलेल्यांना ती बहुधा किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅमपर्यंत आवरायला सांगतात, डायलिसिसवर गेल्यावर उलट १ ते १.२ पर्यंत वाढवायला. शेजाऱ्याचा तक्ता आपल्याला चालत नाही तो यामुळे.

शाकाहार किडनीला वर्ज्य नाही. डाळी-धान्यांतलं फॉस्फरस शरीरात मांसातल्यापेक्षा कमी शोषलं जातं. कोला आणि पाकीटबंद पदार्थांत वरून घातलेलं फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळं रक्तात जातं, त्यामुळे डाळीवर संशय घेण्याआधी ती बाटली बाजूला करा. खरा प्रश्न पोटॅशियमचा. बटाटा, रताळं, टोमॅटो, सुकं खोबरं, शेंगदाणे, पालक, सगळ्यांत ते भरपूर. भाजी सोलून बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी ओतून द्या आणि मग फोडणी घाला. चव थोडी जाते, लिंबू आणि लसणाने सावरा. दवाखान्यात भेटायला येणारे शहाळं आणतात, तेही या रुग्णाला नको. सोलापूरच्या डाळिंबाचं कौतुक आहेच, पण त्यातही पोटॅशियम आहे. किती चालेल ते विचारून घ्या. "लो सोडियम" मीठ तर अजिबात नको. त्यातल्या सोडियमची जागा बहुधा पोटॅशियमने घेतलेली असते.

बी-१२ ची वाट बघत बसू नका

वनस्पतींतून बी-१२ मिळत नाही. आंबील आंबवलेली असते म्हणून तिच्यात भरपूर असेल हा समज चुकीचा. आंबिलीवर भिस्त ठेवता येत नाही. दूध-दही-ताकात असतं, पण ते रोज आणि पुरेसं घ्यावं लागतं. यकृतात साठा असल्यामुळे पहिली एक-दोन वर्षं काही जाणवत नाही. मग हातापायांना मुंग्या, जीभ लाल, विसराळूपणा. मधुमेही माणूस या मुंग्या शुगरच्या खात्यावर टाकतो आणि खरं कारण राहून जातं. त्यात शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर तीही बी-१२ कमी करते. अशांनी शाकाहार सुरू करतानाच गोळी हवी का ते विचारावं आणि दरवर्षी पातळी तपासावी.

लोहासाठी दोनच सवयी पुरेत: पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला. चहामुळे डाळ-भाजीतलं लोह नीट शोषलं जात नाही. हे ऐकून सोलापुरात कोणी चहा सोडणार नाही, म्हणून फक्त पुढे ढकला म्हणतोय.

उपवास आणि पाहुणचार

माळ घातली की महिन्याच्या दोन एकादशा आल्या. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, साखर झपाट्याने वाढवतो. त्यापेक्षा थोडी भगर, सोबत दाण्याची आमटी आणि वाटीभर दही बरं. किडनीवाल्यांना तेही विचारूनच. शुगरची गोळी घेऊन कडक निर्जळी धरू नका. हात थरथरले, घाम फुटला तर उपवास तिथेच सोडून साखर खायची. घरच्यांनाही हे सांगून ठेवा.

पाहुणचारात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दाजी, फोडी बाजूला काढतो, तुम्ही नुसता रस्सा घ्या." माळकऱ्याला ते चालणारच नाही. युरिक ॲसिडवाल्याने मात्र नीट ऐकावं. मटण शिजताना त्यातले प्युरिन (ज्यांचं शरीरात युरिक ॲसिड होतं) रश्श्यात उतरतात, म्हणजे नुसता रस्सा पथ्याचा नव्हेच. कलेजी, वजडीत तर प्युरिन फारच. डाळी-पालकातही प्युरिन आहेत, पण त्यांनी गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात, बळावतो असं दिसलेलं नाही, त्यामुळे संधिवाताच्या भीतीने तूरडाळ सोडू नका. दारू, विशेषतः बिअर, सोडा.

तीन महिन्यांनी

एचबीएवनसी मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, म्हणून पहिली फेरतपासणी तेव्हा. किडनीच्या रुग्णांनी एवढं थांबू नये, डॉक्टर सांगतील त्या तारखेला जावं. वजन न ठरवता घटत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, केस गळत असतील तर लगेच दाखवा. आणि डॉक्टरांपुढे "सगळं व्हेज आहे" एवढंच सांगू नका. मागच्या आठवड्यात खाल्लेलं सगळं लिहून न्या, साबुदाण्याची खिचडी आणि संध्याकाळच्या भजीसकट.